गणिताचे एकनिष्ठ उपासक कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

थोर पुरुषांचे चरित्र लिहावयास घेतले म्हणजे त्यांच्या पदव्या, त्यांचे हुद्दे आणि त्यांना मिळालेले मानमरातब यांची यादी देऊन चरित्रकाराचे निम्मे काम हलके होते. आज ज्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्यास आम्ही उद्युक्त झालो आहोत, त्यांच्या बाबतीत ती सोय नाही. ते ना संस्थानिकांचे दिवाण होते, ना न्यायाधीश, ना विद्यापीठातील प्राध्यापक. नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी आयुष्यभर शाळामास्तरकी केली आणि तेथेच देह ठेवला. तथापि ज्यांना अंकशास्त्राची गोडी आहे, अशा जगभरच्या माणसांना त्यांचे नाव ठाऊक आहे. ते आपल्या ज्ञातीचे होते की नव्हते, हा प्रश्न येथे गौण होय. विद्येला ज्ञातीची वेस नसते. आणि ज्या घरात मुले पाटीवर बेरीज-वजाबाकी करतात, त्या प्रत्येक घराला हे चरित्र आपलेच वाटावे असे आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म दिनांक १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते. त्यांना फलज्योतिषाचा मोठा नाद होता. फलज्योतिषाच्या खरेखोटेपणाचा वाद येथे नको. परंतु त्या नादापायी घरात सदोदित आकडेमोड चाले आणि ती पाहता पाहता मुलालाही आकड्यांचा लळा लागला, हे खरे. दत्तात्रेय आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई निवर्तली. मातृवियोगाचे दुःख सोशीत, बेताच्या परिस्थितीत हा मुलगा वाढला. ज्या वयात सोबतीला आई असावयाची, त्या वयात त्याला संख्यांची सोबत मिळाली. आणि ती सोबत अखेरपर्यंत सुटली नाही.

माध्यमिक शिक्षण ठाणे येथे झाले. कोडी सोडविण्यात, लांबलचक गुणाकारांना आडवाटेने सोपे करण्यात हा विद्यार्थी तासन् तास रमे. १९२३ साली ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावाने गणितातील स्वतंत्र कार्यासाठी जे पारितोषिक दिले जाई, ते १९२७ साली कापरेकरांनी मिळविले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढील उच्च पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० साली देवळालीच्या शाळेत शिक्षकाची जागा मिळाली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले. त्यांचे व्यावहारिक चरित्र येथे जवळजवळ संपते. खरे चरित्र आता सुरू होते, कारण ते घडले ते कागदावर आणि मनात.

त्या काळी शाळामास्तरांचा पगार तो कितीसा? त्यात घरसंसार चालवून कापरेकर गणित परिषदांना पदरमोड करून जात. शाळा सुटली की सायकलवर बसून खाजगी शिकवण्यांना निघत आणि वाटेत नदीकाठी बसून आकड्यांच्या विचारात गढून जात. त्यांचे लेख विद्वानांच्या मोठ्या नियतकालिकांत क्वचितच येत. मग ते स्वतःच्या खर्चाने लहान लहान पुस्तिका छापीत. प्रकाशक म्हणून त्यांवर स्वतःचे नाव आणि पत्ता देवळालीतील खारेसवाडा, एवढाच मजकूर असे. त्या पुस्तिका आज संग्राहकांच्या ठेव्यात जमा झाल्या आहेत. त्या वेळी मात्र त्या विकत घेणारा विरळाच.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४६ सालचा; तो त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत विद्वानांपुढे मांडला. तो इतका सोपा आहे की चौथीच्या मुलानेही करून पाहावा. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहान संख्या करावी, आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी; उत्तर तीन अंकी आले तर त्याच्या आधी शून्य मांडून चार अंक पुरे करावेत. उदाहरणासाठी कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ या संख्येपासून ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१ मिळतात. पुढे ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. ७४४३ वजा ३४४७ म्हणजे ३९९६. ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४. ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर हीच क्रिया केली असता पुन्हा ६१७४ च येतात. प्रवास संपला. कोठूनही निघा, अधिकात अधिक सात पायऱ्यांत या मुक्कामाला पोहोचावेच लागते. कापरेकरांच्या जन्मवर्षाला पुऱ्या सात पायऱ्या लागल्या. त्यांच्या निधनाचे वर्ष १९८६ पहिल्याच वजाबाकीत ८१७२ वर येऊन त्याच वाटेला लागते आणि सहाव्या पायरीला ६१७४ गाठते. या संख्येला आता जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. तीन अंकी संख्यांना असाच मुक्काम ४९५ हा आहे.

यात जादू नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे. चार अंकांतील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांच्या फरकाला ९९९ ने गुणावे, मधल्या दोहोंच्या फरकाला ९० ने गुणावे आणि दोन्ही गुणाकार मिळवावेत. वजाबाकीचे उत्तर तेवढेच असते. ६१७४ च्या बाबतीत हे फरक ६ आणि २ आहेत. ५९९४ अधिक १८० बरोबर ६१७४. म्हणजे दिसावयास हजारो संख्या असल्या तरी उत्तरे मोजकीच असतात आणि ती सर्व तपासून पाहता येतात. आम्ही अनेक वर्षे वर्गात हा प्रयोग मुलांकडून करवून घेतला. वजाबाकीला कंटाळणारी मुले पाटीवरून मान वर न करता ओळीने सात-सात वजाबाक्या करीत आणि ज्याचे उत्तर चुकले असेल त्याला शेजारचा मुलगा ते दाखवून देई, कारण मुक्काम सर्वांचा एकच असावयाचा. मास्तरांच्या छडीने जे होत नाही ते कुतूहलाने होते, याचा आम्ही घेतलेला हा अनुभव आहे.

कापरेकरांनी संख्यांचे निरनिराळे वर्ग पाडले आणि त्यांना नावे दिली. बागेत हिंडणारा माणूस झाडांची ओळख करून घेतो, तसे ते संख्यांत हिंडत. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. भागाकार ३४३, बाकी शून्य. रामानुजनांची म्हणून गाजलेली १७२९ घ्या. बेरीज १९, भागाकार ९१. तीही हर्षद. १९७७ सालानंतर पाश्चात्य देशांत याच संख्यांना आयव्हन निव्हेन या गणितज्ञांचे नाव मिळाले. परंतु हर्षद हे संस्कृत नावही तेथील ग्रंथांत टिकून आहे. सलग २० संख्या हर्षद असू शकतात, सलग २१ कधीही असू शकत नाहीत, हे १९९३ साली कूपर व केनेडी या दोघांनी सिद्ध केले. देवळालीत रुजलेल्या रोपाला किती दूर फांद्या फुटल्या, ते यावरून ध्यानात यावे.

दुसरा वर्ग स्वयंभू संख्यांचा. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवावी. जी नवी संख्या येईल तिची पहिली संख्या ही जननी होय. २१ मध्ये ३ मिळविले की २४ येतात, म्हणून २४ ची जननी २१. मात्र काही संख्यांना अशी जननीच सापडत नाही. १, ३, ५, ७, ९ आणि मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या शंभराच्या आतील अशा संख्या आहेत. त्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. आपल्या गावावरून देवळाली संख्या असेही म्हटले. उलट १०१ ला ९१ आणि १०० अशा दोन जननी आहेत. बालपणीच आई गमावलेल्या माणसाने जननी नसलेल्या संख्यांचा इतका जिव्हाळ्याने शोध घ्यावा, यात आम्हाला काही अर्थ दिसतो. वाचकांनी तो आपापल्या परीने घ्यावा.

तिसरा वर्ग त्यांच्याच नावाचा. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे २० आणि २५. त्यांची बेरीज पुन्हा ४५. तसेच ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ बरोबर ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ बरोबर २९७. ७७७७ चा वर्ग ६०४८१७२९. त्याचा उजवा तुकडा म्हणजे रामानुजनांची १७२९, डावा ६०४८, आणि बेरीज ७७७७. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ होतो, आणि २०४०८ अधिक १२२४४९ म्हणजे पुन्हा १४२८५७. या कापरेकर संख्या होत. त्या जोडीने राहतात : ४५ व ५५ मिळून १००, २९७ व ७०३ मिळून १०००. याचे कारण असे की, अशा संख्येला तिच्याहून एकाने कमी असलेल्या संख्येने गुणले असता गुणाकाराला ९९, ९९९ अशा नवांच्या संख्येने नि:शेष भाग जातो. ४५ गुणिले ४४ म्हणजे १९८०, आणि १९८० म्हणजे २० वेळा ९९. भागाकार २० हाच वर्गाचा डावा तुकडा होय.

चौथा वर्ग डेम्लो संख्यांचा. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर डेम्लो नावाचे स्थानक होते. तेच आजचे डोंबिवली. तेथे या संख्यांचा विचार त्यांना सुचला म्हणून त्यांनी त्या स्थानकाचे नाव दिले. गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांच्या गर्दीत एका मास्तरांनी गणिताला नवे नाव द्यावे, आणि ते नाव पुढे साता समुद्रांपलीकडे जावे, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. या वर्गातील सर्वांत देखण्या संख्या म्हणजे केवळ एकांनी लिहिलेल्या संख्यांचे वर्ग होत. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ वेळा एक लिहून त्याचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. आपल्या जुन्या गणनेप्रमाणे तिचा पहिला अंक मध्य या स्थानी बसतो, म्हणजे परार्धाच्या एकच पायरी अलीकडे. दहा एक घेतले तर हातचे येऊ लागतात आणि घडी विस्कटते. म्हणून हे शिखर नवाच्याच पायरीवर उभे आहे.

कापरेकरांनी केलेल्या वर्गवारीचे मर्म कळावे म्हणून ही एकच प्रचंड संख्या त्यांच्या सर्व कसोट्यांवर घासून पाहू. उलटीकडून वाचली तरी ती तीच राहते. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने नि:शेष भाग जातो; भागाकार १२३४५६७९ चा वर्ग येतो. म्हणून ती हर्षद. तिचे मूळ अवयव फक्त तीन आहेत : ३, ३७ आणि ३३३६६७. त्यांपैकी ३ चार वेळा येतो, इतर दोन प्रत्येकी दोन वेळा. त्यामुळे तिचे एकूण भाजक ४५ होतात; आणि ४५ ही कापरेकर संख्या, हे आपण वर पाहिलेच. ती स्वयंभू आहे काय? नाही, तिच्यातून ८१ वजा केले की १२३४५६७८९८७६५४२४० ही संख्या येते, तिच्याही अंकांची बेरीज ८१ च, म्हणून ती या संख्येची जननी, आणि दुसरी जननी तिला नाही. नवलाची गोष्ट म्हणजे ही जननीही हर्षद आहे. आता अखेरची कसोटी. मूळच्या नऊ एकांच्या संख्येचा हा वर्ग. त्याचे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे तुकडे करून मिळविले तर नऊ एक यावयास हवेत. येतात ते नऊ नऊ! म्हणून नऊ एकांची संख्या कापरेकर संख्या नव्हे; मात्र उत्तरात आलेली नऊ नवांची संख्या कापरेकर संख्या आहे. एका दाराशी नकार मिळावा आणि तेथूनच दुसरे दार उघडावे, असा हा प्रकार. वरील सर्व आकडेमोड कागद-पेन्सिलीने पडताळून पाहता येते. यंत्राची जरुरी नाही.

आता कापरेकरांच्या आयुष्यातील कटू भागाकडे वळणे प्राप्त आहे. आपल्याच देशातील अनेक गणितज्ञ त्यांच्या कामाला हसत असत. हे गणित नव्हे, पोरखेळ आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यांच्या आक्षेपात काही तथ्यही होते, ते लपविण्याचे कारण नाही. अंकांची बेरीज, अंकांची उलटापालट हे गुण संख्येच्या अंगचे नसून आपण ती दशमान पद्धतीने लिहितो म्हणून दिसणारे आहेत. दहाऐवजी आठाने मोजणाऱ्यांना ते वेगळे दिसतील. परंतु एवढ्यावरून ते त्याज्य ठरत नाहीत. दहाच्या पद्धतीत जे आढळले तेच आठाच्या अथवा बाराच्या पद्धतीत कसे असेल, असे विचारताच प्रश्न खोल जातो. २००० साली इयानुची या गणितज्ञांनी कापरेकर संख्यांचा सबंध संसार नवांच्या संख्यांच्या भाजकांवर उभा आहे, असे दाखवून दिले. भाजकांचे शास्त्र हे तर गणिताचे सनातन अंग होय. हसणाऱ्यांची नावे आज कोणाच्या लक्षात नाहीत. ज्यांना हसले त्यांचे नाव संख्यांनाच चिकटून बसले आहे.

उपेक्षेने कापरेकर कडवट झाले नाहीत, हा त्यांचा थोरपणा आम्हाला त्यांच्या शोधांहून मोठा वाटतो. शाळा-महाविद्यालये बोलावीत तेथे ते हौसेने जात आणि आकड्यांच्या गमती सांगून मुलांना गुंगवून टाकीत. पोलंडचे ज्योतिर्विद कोपर्निकस यांच्या जन्माला १९७३ साली ५०० वर्षे झाली, त्यानिमित्त त्यांनी एक जादूचा चौरस रचून त्या महापुरुषाला आपल्या परीने अभिवादन केले.

१९६६ साली त्यांच्या पत्नी निवर्तल्या. निवृत्तिवेतन अपुरे पडू लागले, तेव्हा या वृद्ध गणितज्ञांना पोटासाठी गणित व विज्ञान यांच्या शिकवण्या कराव्या लागल्या. आयुष्याच्या उतरणीवर माणूस विसावा शोधतो; त्यांच्या वाट्याला तो आला नाही. अशा स्थितीत मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर या विख्यात लेखकांनी साइंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांविषयी लिहिले. मग देशोदेशीच्या गणितप्रेमींना देवळाली हे नाव ठाऊक झाले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. कीर्ती आली, परंतु ती आली तेव्हा जिने हलाखीचे दिवस बरोबरीने काढले ती सहचारिणी ते पाहण्यास उरली नव्हती. १९८६ साली देवळाली येथे त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? आमच्या ज्ञातीत शिक्षणाची आस्था मोठी आहे आणि ती अभिमानास्पद आहे. तथापि मुलगा कोणत्या विषयात रमतो यापेक्षा त्या विषयाने पगार किती मिळेल, याचीच पृच्छा घरोघर आधी होते. मुलगी एखादे कोडे घेऊन बसली तर वेळ फुकट दवडते म्हणून तिला उठविले जाते. जुन्या शिक्षकाच्या अधिकाराने आम्ही पालकांना विनवितो की, असे कोडे घेऊन बसलेल्या मुलाला अथवा मुलीला उठवू नका. त्यातून प्रत्येक वेळी कापरेकर निपजतील असे नव्हे. कापरेकरांनाही त्यातून धन मिळाले नाही, हे आम्ही वर स्पष्टच सांगितले आहे. परंतु ज्याला एकांतात सोबत देणारी एखादी विद्या जडली, तो दारिद्र्यात, वियोगात आणि उपहासातही मोडून पडत नाही, एवढे मात्र या चरित्राने सिद्ध केले आहे. ही मिळकत पगाराच्या हिशेबात धरता येत नाही, म्हणून ती कमी नव्हे.

आणि आपल्यामध्ये जे शिक्षक आहेत, विशेषतः लहान गावांतील शाळांत ज्यांची उमर जात आहे, त्यांना सांगावयाचे ते इतकेच की, गाव लहान असल्याने काम लहान होत नाही. देवळालीच्या एका मास्तरांपाशी खडू, फळा आणि चार अंकांची वजाबाकी एवढेच साहित्य होते. या अंकाच्या बाल वाचकांनी आपापले जन्मवर्ष घेऊन ती वजाबाकी आजच करून पाहावी आणि घरच्या वडीलधाऱ्यांकडून तपासून घ्यावी. ज्यांचे उत्तर सात पायऱ्यांत ६१७४ येणार नाही, त्यांनी वजाबाकी पुन्हा करावी.